दिवा विझला, झडप उघडीच

शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरवर एक दिवा असतो. मोटरीपर्यंत वीज आली, एवढंच त्याला सांगता येतं. पाणी आलं की नाही, याची त्याला खबर नसते. फूटव्हॉल्व्ह गळत असेल, विहीर तळाला गेली असेल, मधेच पाइप निसटला असेल, दिवा आपला लागलेलाच. म्हणून जाणता शेतकरी बटण दाबून निघून जात नाही. बांधावर जातो, पाइपाच्या तोंडातून धार पडताना बघतो, मग घरचा रस्ता धरतो.

अणुभट्टीत धार बघायला जाता येत नाही. भट्टी जाडजूड काँक्रीटच्या इमारतीत बंद असते आणि तिची सगळी खबर तारांवरून येते. माणसं कंट्रोल रूममध्ये बसून दिवे, काटे आणि कागदाच्या पट्ट्या वाचतात. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, सस्क्वेहाना नदीतल्या थ्री माइल आयलंड या बेटावर दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीचा गाभा वितळला. त्या दिवशी बहुतेक सेन्सर काम करत होते. तरीही आत काय चाललंय हे बाहेर कळलं नाही. सेन्सर आणि मापन-कार्डांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांनी तरी हा दिवस मिनिटामिनिटाने वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

पुढे प्रत्येक वेळेसमोर उरलेला अवधी दिला आहे. वितळलेल्या गाभ्याचा मोठा भाग भट्टीच्या तळाशी कोसळला, त्या क्षणापर्यंतचा हा अवधी. तो क्षण कोणता, हे त्या दिवशी तिथल्या एकालाही माहीत नव्हतं. नंतर नोंदी चाळून तो ठरवावा लागला.

आदली रात्र

भट्टी नवीकोरी होती. २८ मार्च १९७८ रोजी तिच्यात पहिल्यांदा अणुविखंडनाची साखळी सुरू झाली, म्हणजे त्या रात्री बरोबर एक वर्ष भरत होतं. ती ९७ टक्के क्षमतेने चालू होती. रात्रपाळीला कंट्रोल रूमचा कारभार पाहणारे चौघेही नौदलाच्या अणुशाखेत तयार झालेले होते. नवशिकं कोणी नव्हतं.

खाली टर्बाइनच्या बाजूला पाणी शुद्ध करणाऱ्या एका टाकीत रेझिन तुंबलं होतं. काही तास ते मोकळं करण्याची खटपट चालली होती. त्या खटपटीत बहुधा थोडं पाणी उपकरणांच्या हवेच्या नळीत शिरलं. पुढचं सगळं त्यातून सुरू झालं.

पण या रात्रीची दोन बीजं त्याआधीच पडली होती. पहिलं बीज वर्षभरापूर्वीचं. २९ मार्च १९७८ रोजी भट्टीचा दाब सोडणारी झडप एका विद्युत बिघाडामुळे नको तेव्हा उघडली आणि ती उघडी आहे हे कंट्रोल रूममध्ये दाखवणारं काहीच नव्हतं. त्यावर उपाय म्हणून पॅनेलवर एक दिवा बसवला गेला. उपाय योग्यच होता, फक्त दिव्याची तार झडपेला जोडली नाही. झडपेच्या सोलेनॉइडला वीज मिळते की नाही, हे तो दिवा दाखवत होता. म्हणजे ‘उघड’ हा हुकूम गेला की दिवा लागायचा, हुकूम मागे घेतला की विझायचा. झडपेने तो हुकूम मानला का, हे त्याला कळायची सोय नव्हती.

दुसरं बीज दोन दिवसांपूर्वीचं. भट्टीच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या स्टीम जनरेटरला आणीबाणीत पाणी पोचवणाऱ्या दोन झडपा चाचणीसाठी बंद केल्या होत्या आणि त्या बंदच राहिल्या होत्या.

पहाटे ४.०० : उरले ३ तास ४४ मिनिटं

चार वाजून ३७ सेकंदांनी पाण्याचे पंप बंद पडले आणि पाठोपाठ टर्बाइन थांबलं. स्टीम जनरेटरला पाणी मिळेना, त्यामुळे भट्टीची उष्णता वाहून नेणारं कोणी उरलं नाही. गाभ्यातून पाणी फिरवणाऱ्या प्राथमिक नळमार्गातला दाब चढला. तिसऱ्या सेकंदाला दाब सोडणारी झडप उघडली. आठव्या सेकंदाला नियंत्रणदांडे गाभ्यात पडले आणि विखंडन थांबलं. इथवर सगळं कागदावर लिहिल्याप्रमाणे.

भट्टी बंद झाली तरी इंधनातले किरणोत्सारी पदार्थ उष्णता सोडतच राहतात. सुरुवातीला ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. ऐकायला कमी वाटतं, पण ही भट्टी २७०० मेगावॉटहून जास्त उष्णता देणारी होती. तिचे सहा टक्के म्हणजे दीडशेहून अधिक मेगावॉट. तेवढी उष्णता पाण्याने सतत वाहून न्यावीच लागते.

तेराव्या सेकंदाला दाब उतरला. झडप बंद करण्याचा हुकूम गेला. सोलेनॉइडची वीज तुटली. पॅनेलवरचा दिवा विझला.

झडप मात्र उघडीच अडकून राहिली.

समोरच्या माणसाने दिवा पाहिला आणि झडप बंद झाली असं मानलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच मानलं असतं. दिव्याखाली तो ‘हुकमाचा’ दिवा आहे असं कुठे लिहिलेलं होतं? आपल्या कामात ही चूक आजही रोज घडते. रिलेचं कॉइल एक्साइट झालं म्हणजे कॉन्टॅक्ट जुळला, आउटपुट कार्डावरचा हिरवा ठिपका लागला म्हणजे व्हॉल्व्ह हलला, असं धरून चालतात. झडपेच्या दांड्यावर लिमिट स्विच लावून त्याची वेगळी तार परत आणणं महागात जातं, म्हणून ते राहून जातं.

दोनेक मिनिटांत दाब इतका उतरला की आणीबाणीचे उच्चदाब पंप आपोआप सुरू होऊन गाभ्यात पाणी ढकलू लागले. यंत्रणेने आपलं काम केलं. पण साडेचार मिनिटांच्या सुमारास माणसांनी ते पाणी हाताने कमी केलं.

हे असं का झालं ते नीट समजून घ्यायला हवं. नाहीतर त्या माणसांवर अन्याय होतो. नळमार्गावर प्रेशरायझर नावाची एक उंच टाकी असते. तिच्यात खाली पाणी आणि वर वाफेची उशी. ही उशी दाबाचे धक्के झेलते. टाकी पाण्याने काठोकाठ भरू द्यायची नाही, हे त्यांच्या डोक्यात प्रशिक्षणापासून ठासून भरलेलं होतं. आणि प्रेशरायझरची पातळी दाखवणारा काटा भराभर चढत होता. पाणी जास्त झालंय, पंप आवरा, असा त्यांनी अर्थ लावला. तो काटा खोटं बोलत नव्हता. टाकीतली पातळी खरोखरच चढत होती, कारण उघडी झडप त्याच टाकीच्या माथ्यावर होती, वाफ तिच्यातून निसटत होती आणि खालचं पाणी वर ओढलं जात होतं. शिवाय दाब उतरल्यामुळे सहाव्या मिनिटापर्यंत नळमार्गातलं पाणी उकळायला लागलं होतं आणि वाफेचे बुडबुडे पाण्याला टाकीत ढकलत होते. टाकी भरत होती आणि भट्टी रिकामी होत होती. भट्टीतली पातळी मोजणारं उपकरण बसवलेलंच नव्हतं. टाकीवरून भट्टीचा अंदाज बांधायचा, अशी रीत होती.

४.०८ : ३ तास ३६ मिनिटं

आणीबाणीच्या पाण्याचे पंप केव्हाच सुरू झाले होते, पण स्टीम जनरेटरमध्ये पाणी चढत नव्हतं. आठव्या मिनिटाला एकाच्या लक्षात आलं, की चाचणीसाठी बंद केलेल्या त्या दोन झडपा अजून बंदच आहेत. त्यांचे दिवे खरी स्थिती दाखवत होते. त्यातला एक दिवा दुरुस्तीच्या पिवळ्या चिठ्ठीखाली झाकला गेला होता. झडपा उघडल्या, पाणी आलं. या आठ मिनिटांवर पुढे फार चर्चा झाली. पण भट्टीचा घात त्या आठ मिनिटांनी केला नाही. त्यांनी माणसांचं लक्ष मात्र खाऊन टाकलं.

४.१५ : ३ तास २९ मिनिटं

उघड्या झडपेतून निघालेली वाफ आणि पाणी एका निचरा-टाकीत जात होतं. ती टाकी भरली, दाब चढला आणि तिची संरक्षक चकती फुटली. आता भट्टीचं पाणी इमारतीच्या तळघरात सांडू लागलं. त्या टाकीचा दाबमापक कंट्रोल रूममध्येच होता, पण मुख्य पॅनेलच्या पाठीमागे. वळसा घालून गेल्याशिवाय दिसत नव्हता.

पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर अलार्म वाजले होते. अलार्म छापणारं यंत्र एकामागून एक ओळी छापत होतं, पण घटना त्याच्यापेक्षा वेगाने घडत होत्या. हळूहळू ते तासाहून अधिक मागे पडलं. म्हणजे सहा वाजता कागदावर पाचच्या आधीची बातमी. शेवटी साठलेल्या नोंदी टाकून देऊन त्याला वर्तमानात आणलं गेलं, आणि मधला काळ कागदावरून कायमचा पुसला गेला. चौकशी आयोगासमोर एका ऑपरेटरने सांगितलं, की ते अलार्म पॅनेल उचलून फेकून द्यावंसं वाटत होतं, कारण त्यातून उपयोगाचं काहीच कळत नव्हतं.

एक सेन्सर मात्र खरं सांगत होता. झडपेच्या पुढच्या पाइपावर तापमापक होता आणि तो २८० अंश फॅरनहाइटच्या वर गेला होता, म्हणजे सुमारे १४० अंश सेल्सियस. झडप बंद असती तर तो पाइप निवायला हवा होता. ऑपरेटरांनी हा आकडा एकदा नाही, अनेकदा मागवला. पण ती झडप आधीपासूनच थोडी गळकी होती आणि तो पाइप एरवीही गरमच असायचा. त्यामुळे सवय झालेली होती. मघाशी झडप उघडली होती, तिचीच ऊब असेल, असं मानलं गेलं. झडप खरंच उघडी असती तर आकडा याहून खूप वर गेला असता, अशीही समजूत होती. ती चुकीची होती. मोकळ्या दाबाला आलेली वाफ एवढीच तापते.

दुरुस्ती पुढे ढकलून रोजचा म्हणून सोडून दिलेला अलार्म खरं सांगतो, तेव्हा त्याचं कोणी ऐकत नाही. हे वाक्य मी माझ्या मेंटेनन्सच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

५.१४ : २ तास ३० मिनिटं

गाभ्यातून पाणी फिरवणारे चार प्रचंड पंप थरथरू लागले, कारण त्यांच्या पोटात आता पाण्याबरोबर वाफही येत होती. पंप फुटतील म्हणून आधी दोन बंद केले.

५.४१ : २ तास ३ मिनिटं

उरलेले दोनही बंद केले. फेसाळलेलं का होईना, फिरणारं पाणी गाभ्याला थंड ठेवत होतं. आता वाफ वर गेली आणि पाणी खाली बसलं. लवकरच गाभ्याचा माथा उघडा पडायला लागला.

सहाच्या सुमारास : पावणेदोन तास

इथे मला थोडं थांबायचं आहे.

भट्टीतून बाहेर पडणाऱ्या गरम पाण्याच्या आणि परत येणाऱ्या थंड पाण्याच्या नळांवर आरटीडी बसवलेले होते. आरटीडी म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार. ती आपणहून काही बोलत नाही. तिच्यातून बाहेरून एक बारीकसा, मोजका प्रवाह सोडावा लागतो. याला एक्साइटेशन म्हणतात. तार तापली की तिचा रोध वाढतो, त्याप्रमाणे व्होल्टेज वाढतं आणि तापमान कळतं. तार तुटली तर रोध अनंत होतो आणि काटा वरच्या टोकाला चिकटतो. तारा एकमेकींना चिकटल्या तर तो खालच्या टोकाला जातो. म्हणून टोकाला गेलेला काटा दिसला की आम्ही पहिल्यांदा वायरिंग तपासतो. तशी आमच्या हाताला सवयच झालेली असते.

त्या पॅनेलवरच्या या काट्यांची मर्यादा ५२० ते ६२० अंश फॅरनहाइट होती. रोज भट्टी याच पट्ट्यात चालायची, म्हणून पट्टा अरुंद ठेवलेला, आकडा बारकाईने वाचता यावा म्हणून. आता गरम नळातलं तापमान ६२० च्या वर गेलं आणि काटा ६२० ला टेकला. थंड नळातलं ५२० च्या खाली गेलं आणि तो काटा ५२० ला टेकला. दोन्हींची सरासरी दाखवणारा तिसरा मापक होता. ६२० आणि ५२० यांची सरासरी किती? ५७०. हा आकडा अगदी रोजच्यासारखा वाटतो.

दोन काटे टोकाला टेकून मुके झाले होते आणि त्यांची सरासरी खणखणीत आवाजात ‘सगळं ठीक’ म्हणत होती. आजच्या बऱ्याच डेटा अॅक्विझिशन कार्डांत प्रत्येक आकड्यासोबत त्याची ‘प्रत’ जाते: हा आकडा खात्रीचा, हा पट्ट्याबाहेरचा, हा तुटलेल्या तारेचा. आणि सरासरी काढणाऱ्याने एक जरी घटक पट्ट्याबाहेर असेल तर स्वतःही ‘अविश्वसनीय’ म्हणून उभं राहायचं असतं. किती ठिकाणी हे खरोखर केलेलं असतं? प्रोग्रॅम उघडून पाहिलात तर बहुतेक ठिकाणी नुसती बेरीज आणि भागाकार सापडेल.

६.२२ : १ तास २२ मिनिटं

नुकत्याच आलेल्या एका पर्यवेक्षकाने ताज्या डोळ्यांनी तो पाइपाचा आकडा पाहिला आणि झडपेच्या अलीकडचा, वाट रोखणारा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला. बंद करताच दाब चढायला लागला. दोन तास वीस मिनिटं झडप उघडी होती. तोवर ३२ हजार गॅलन, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार लिटर पाणी निघून गेलं होतं. प्राथमिक नळमार्गातल्या पाण्याच्या एक तृतीयांशाहून जास्त.

रात्रभर तिथे असलेल्यांना न दिसलेलं नव्याने आलेल्याला दिसलं, यात त्यांची लाज काढण्यासारखं काही नाही. त्यांना दिव्याने आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं. नव्या माणसाने तो दिवा विझताना पाहिला नव्हता.

पण पाणी वेळेवर परत भरलं गेलं नाही. इंधनावरचं झिर्कोनियमचं कवच लालबुंद होऊन वाफेशी भिडलं होतं. त्या रासायनिक क्रियेतून आणखी उष्णता आणि भरपूर हायड्रोजन निघत होता.

६.५४ : ५० मिनिटं

एक पंप पुन्हा सुरू करून पाहिला. थोडं पाणी तापलेल्या गाभ्यावर आदळलं आणि ठिसूळ झालेल्या इंधनदांड्यांच्या वरच्या भागाचा चुरा झाला. काही मिनिटांनी स्थळापुरती आणीबाणी जाहीर झाली.

७.२४ : २० मिनिटं

इमारतीतल्या किरणोत्सारमापकांचे आकडे चढले आणि सर्वसाधारण आणीबाणी जाहीर झाली.

७.४४ : शून्य

सुमारे २० टन वितळलेलं द्रव्य गाभ्याच्या बाजूने फुटून भट्टीच्या पोलादी तळाशी ओघळलं. तळाशी पाणी होतं. पोलाद टिकलं. न्यूट्रॉनमापकाच्या आणि दाबाच्या रेघेने याच क्षणी उडी मारली. ती कागदावर उमटली आणि कोणाच्याही नजरेत भरली नाही.

शून्य आलं आणि गेलं. कंट्रोल रूममध्ये माणसं गाभा पाण्याखाली आहे असं धरून काम करत होती.

सकाळी आठ ते नऊ

गाभ्याच्या माथ्यावर ५२ थर्मोकपल होते. आरटीडीच्या अगदी उलट स्वभावाचा हा सेन्सर. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात. तो जोड तापला की तारांच्या दुसऱ्या टोकाला आपोआप इवलंसं व्होल्टेज उभं राहतं. बाहेरून काही द्यावं लागत नाही. क्रोमेल आणि अॅल्युमेलची जोडी दर अंश सेल्सियसला जेमतेम ४० मायक्रोव्होल्ट देते. जोड चिमटीत धरला की मीटरवरचा शेवटचा आकडा हळूहळू वर सरकतो. शिकाऊ मुलांना मी सर्वांत आधी हेच दाखवतो. इतकं साधं, इतकं प्रामाणिक दुसरं उपकरण मला माहीत नाही.

हे थर्मोकपल संगणकाला जोडलेले होते. गाभ्याच्या माथ्यावर रोज ६०० अंश फॅरनहाइटच्या आसपास तापमान असायचं, म्हणून संगणकाला ७०० पर्यंतची मर्यादा दिली होती. त्यापलीकडचा आकडा आला तर काय छापायचं? प्रश्नचिन्ह. आकडा मागवला, तेव्हा कागदावर प्रश्नचिन्हांची रांग आली.

बिघाड ओळखणारी यंत्रणा बनवणाऱ्या प्रत्येकाने त्या कागदासमोर क्षणभर उभं राहावं. पट्ट्याबाहेरचं रीडिंग दोन कारणांनी येतं. एक, सेन्सर गेला. दोन, सेन्सर ठणठणीत आहे आणि बाहेरचं जग आपण कल्पना केली होती त्यापलीकडे गेलंय. पहिल्यात तार बदलायची असते, दुसऱ्यात माणसं वाचवायची असतात. त्या संगणकाने दोन्हींना एकच खूण दिली. आणि आकडा? ७०० अंशांना ही जोडी सुमारे १५ मिलिव्होल्ट देते, २००० अंशांना सुमारे ४५. मिलिव्होल्ट तारेवर उभे होते. संगणकाने ते वाचले आणि बाजूला ठेवले.

तिथल्या उपकरण-अभियंत्याने मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. त्याने तंत्रज्ञांना कंट्रोल रूमखालच्या केबलच्या खोलीत पाठवलं. त्यांनी तारा मोकळ्या केल्या आणि व्होल्टमीटर हातात धरून एकेक जोडी मोजली. काही आकडे २०० अंशांच्या आसपास, तर काही २००० अंशांच्याही वर. एकाच गाभ्यात, हाताच्या अंतरावर. असं कसं होईल? इतके खालचे आकडे तर उघडउघड चुकीचे, मग वरचे तरी खरे कशावरून? सगळेच मोडीत काढले गेले. तंत्रज्ञांनी ते वहीत लिहून ठेवले.

खालचे आकडे खरोखरच फसवे होते. थर्मोकपलची तार मधेच वितळली की वितळलेल्या जागी दोन धातू पुन्हा चिकटतात आणि नवा जोड तयार होतो, भलत्याच ठिकाणी, थंड भागात. तो इमाने इतबारे तिथलं तापमान सांगत राहतो. अशा तारेत बारीक प्रवाह सोडून लूपचा रोध मोजला तर तार आखूड झाल्याचा संशय घेता येतो. आज बरी मापन-कार्डं हे आपणहून करतात. पण त्या सकाळी एवढा विचार करायला उसंत कोणाला होती? आकडे एकमेकांशी जुळले नाहीत आणि माणसाने तेच केलं जे माणूस नेहमी करतो. जो आकडा पचत नाही, त्याला बिघाड म्हटलं.

दुपारी १.५०

कंट्रोल रूममध्ये दणका ऐकू आला. इमारतीत साठलेला हायड्रोजन भडकला होता. आतला दाब क्षणात चढून २८ पौंड प्रति चौरस इंचाला गेला. इमारत ६० साठी बांधलेली होती म्हणून निभावलं. पाण्याचे फवारे आपोआप सुरू झाले. दाब नोंदवणाऱ्या पट्टीवर शाईचा एक उभा सुळका उमटला. तो विजेच्या गडबडीने आलेला खोटा सिग्नल असावा, असं ठरलं. फवारे काही मिनिटांत बंद केले.

सकाळपासून ही तिसरी वेळ. ‘ठीक आहे’ म्हणणारा दिवा कोणी तपासला नाही, ‘ठीक आहे’ म्हणणारी सरासरी कोणी तपासली नाही. ‘ठीक नाही’ म्हणणारा पाइप, थर्मोकपल आणि दाबाचा सुळका, या तिघांवर मात्र अविश्वासाचा शिक्का बसला.

रात्री ७.५०

एक मोठा पंप अखेर चालू राहिला आणि पाणी पुन्हा गाभ्यातून फिरू लागलं. भट्टी हळूहळू निवली.

दोन दिवसांनी गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायकांना आणि शाळेआधीच्या वयाच्या मुलांना दूर जायचा सल्ला दिला. सुमारे १ लाख ४० हजार लोकांनी घरं सोडली. किरणोत्सार बाहेर पडला तो थोडा. त्या दिवशी कोणी दगावलं नाही. भट्टी पुन्हा कधीच सुरू झाली नाही आणि ती साफ करायला चौदा वर्षं आणि सुमारे १०० कोटी डॉलर लागले.

राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते गणितज्ञ जॉन केमेनी, बेसिक या संगणक-भाषेच्या दोन जनकांपैकी एक. ऑक्टोबर १९७९ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यानंतर अमेरिकेतल्या अणुभट्ट्यांना दाब सोडणाऱ्या झडपेची स्थिती थेट झडपेवरून दाखवणं सक्तीचं झालं, गाभ्यातल्या थर्मोकपलचा पट्टा वाढवला गेला आणि पाणी उकळण्याच्या किती जवळ आलंय हे दाखवणारा मापक आला.

जुलै १९८२ मध्ये भट्टीच्या माथ्यावरच्या एका छिद्रातून छोटा कॅमेरा आत सोडला. जिथे इंधनदांड्यांची माथी दिसायला हवी होती, तिथे काहीच नव्हतं. कॅमेरा सुमारे पाच फूट पोकळीतून खाली गेला, तेव्हा कुठे त्याला ढिगारा लागला. पुढे मोजदाद झाली, तेव्हा निम्मा गाभा वितळल्याचं निघालं.

केबलच्या खोलीत हाताने मोजून वहीत लिहिलेले ते २००० च्या वरचे आकडे बरोबर होते.